आठ घोड्यांचा डावा गुडघा

…आन वर ही सोसायटीची पोरं मला म्हणत्यात काय, तर "सर, तुम्ही खुर्चीवर बसूनच शिकवा ना!" खुर्चीवर बसून? आवो, खुर्चीवर बसून दाढी करता येती, भांडता येतं, मरताबी येतं, पण नाच कसा शिकवायचा? तरी शिकवला! कारण आता मी नाचत न्हाई, नाचवतो! कोरिओग्राफर हाय मी. हसताय काय? पयल्यांदा तो शब्द ऐकला तवा मलाबी वाटलं फोटोबिटो काढायचा असंल, म्हणून केस विंचरून गेलो व्हतो!

तुमाला सांगतो, मी नाचलो कशात? घोडीत! बाबालालचा ब्रास बँड, कासारसाईपासून पौडापर्यंत कुटलीबी वरात असू द्या, म्होरं माजी घोडी. बांबूचा सांगाडा, त्याला कापडाची मान, मदी भोक, त्या भोकात मी. खाली जमिनीपर्यंत झालर, आन वर दोन्ही बाजूंना चिंध्या भरलेले दोन खोटे पाय लोंबत्यात, सलवार-मोजडी घातलेले. चाळीस वर्षं लोकांनी त्या चिंध्यांवर शिट्ट्या मारल्या! माजे खरे पाय कुणी बघितले? कुणीच न्हाई! मी सुदिक न्हाई! वाकून बघाया गेलं की बांबू बरगडीत घुसतोय.

बघितले एकटीनं. राजाबाईनं, माज्या बायकोनं. झालर तीच शिवायची. अंगणात मला घोडी घालाय लावायची, झालर वर खोचायची आन म्हणायची, "ती बिथरायची चाल करा बरं, बघू द्या शिलाई कुटं उसवतीया." बिथरायची चाल म्हंजे माजी ठेवणीतली! फटाका वाजला की घोडी बुजती, मागं सरती, आडवी व्हती आन नेमकी नवरदेवाच्या मेव्हण्यावर जाती! चांदे गावच्या वरातीत एक मेव्हणा तर मागं सरत सरत पंगतीत शिरला आन मठ्ठ्याच्या पातेल्यात बसला. अजून मला बघितलं की रस्ता बदलतोय बिचारा!

मग डावा गुडघा गेला. पौडचा डाक्टर गुडघ्याचा फोटो उजेडाला धरून म्हणतो, "बाबा, वाटी झिजलीय. नाच बंद." मी म्हणलं, "आवो, नाचते घोडी, मी नुसता आत असतो!" हसला न्हाई. त्याच साली राजाबाई गेली. बाबालालचा बँड डीजेनं खाल्ला. घोडी गोठ्यात टांगली. लोक म्हणाले, कोंडाजीची बायको गेली. आवो, माजे पायबी तिच्याबरुबर गेले की! ते कसे पडायचे हे सांगाय आता दुसरं हाय कोण?

आन मग ही मारुंजीची सोसायटी. बाबालाल एका कॉम्प्युटरवाल्या बाईंना घिऊन घरी आला, आरोही मॅडम. "सर, आम्हाला घोडीची ही आर्ट जिवंत ठेवायचीय. आमच्या वर्धापनदिनाला आठ जण नाचणारेत." आठ! आठ नव्या कोऱ्या घोड्याबी करून घेतलेल्या! खोटं कशाला बोलू, आतनं लई बरं वाटलं. बिथरायची चाल माज्यामागं ऱ्हाईल, एवढंच तर पायजे व्हतं. म्हणलं व्हय, आता मी नाचत न्हाई, नाचवतो!

पयला दिवस. कौस्तुभ म्हणून एक लांब केसांचा गडी, तो म्हणतो, "सर, काउंट देऊ? फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!" मी म्हणलं, "एक ते चार कुणाला दिले रं बाबा?" तो हसला, मी हसलो. मग म्हणतो, "सर, पहिलं पाऊल कुठलं? डावं की उजवं?"

कुटलं? मला काय म्हाईत! घोडीबिगर करून बघाया गेलो तर पाय जागचं हालंना. घोडीत असल्यावर घोडी बुजायची, आता मीच बुजलो! मग काय करणार? दोन दिवस त्यांना वाट्टेल ते कराय लावलं. "माशी हाणा! आता चिखलातनं चप्पल उपसा!" आन लेकरं ते वहीत लिवून घ्यायची… "स्टेप टू, चप्पल."

तिसऱ्या दिवशी बाबालालनं मला बाजूला घेतलं. "कोंडाजी, चेष्टा बास झाली. घाल घोडी." घातली. आरोही मॅडमनी झालर कपड्यांच्या चिमट्यांनी वर अडकवली, कौस्तुभ मोबाईल घिऊन फरशीवर पालथा पडला, बाबालालनं क्लॅरनेट फुंकलं… आन मी बिथरलो! जीव खाऊन बिथरलो!

मग त्यांनी मला ते मोबाईलवर हळूहळू करून दाखवलं. चाळीस वर्षांनी सोताचे पाय बघितले. तुमाला सांगतो, नाच नव्हताच तो. एक म्हातारा पडू नये म्हणून धडपडत व्हता. डावा पाय फरफटतोय, उजवा त्याला सावरतोय, मदीच एक हिसका… तो कळ आली म्हणून. राजाबाई अंगणात जे बघायची, ते त्यात कुटंच न्हवतं.

मी म्हणलं, "पुसा ते. ही चाल न्हाई, हे दुखणं हाय." कौस्तुभ म्हणतो, "नाही सर, हेच तर ऑथेंटिक आहे!"

आन कार्यक्रमाला काय सांगू! आठ घोड्या एका ओळीत, सोळा गुडघे धडधाकट, आन आठ डावे पाय एकदम फरफटले! आठ हिसके एकदम! आठ तोंडांवर माजी कळ… तीबी सोडली न्हाई लेकरांनी, दात आवळून केली! लोकं उभं ऱ्हाऊन टाळ्या वाजवत्यात, मी पयल्या रांगेत, गळ्यात हार, खुर्चीवर. बाबालाल कानाशी आला. "कोंडाजी, आठच्या आठ तूच की रं!" मी म्हणलं, "व्हय. पण आजचा. तवाचा एकबी न्हाई."

परवा आरोही मॅडमचा परत फोन. "सर, पुढच्या वर्षी घोड्या त्याच, पण स्टेप नवी हवी हं. आहे ना तुमच्याकडे?"

मी म्हणलं, "हाय की! आता मी नाचत न्हाई, नाचवतो! फकस्त जरा दम धरा मॅडम… उजवा गुडघा अजून जायचा हाय."