गाय मागं फिरली

उमरग्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघी बसल्या होत्या.

“आत तुझे मालक हायत व्हय गं?”

“व्हय मावशी. माळावरचं गवत पेटलं. वाऱ्यानं आग वस्तीवर आली.”

“घराभोवती नांगरून ठेवलं न्हवतं का?”

“ठेवलं होतं की. घर वाचलं. गोठा नांगरटीच्या पलीकडं, कडब्याच्या गंजीजवळ.”

“मग जनावरं?”

“म्या इळ्यानं दावी कापली. समदी नांगरटीत हाकलली.”

“शहाणी हायस. मग मालकांना कसं भाजलं?”

“गाय मागं फिरली. भेदरली की आपल्या जागंकडंच पळती ती. पेटलेल्या गोठ्यात शिरून खुंट्यापाशी उभी राहिली.”

“आगं आई! नांगरटीत नेऊन बांधायची होतीस.”

“आता कळतंय.”

“आन् तुझे मालक गेले तिच्यामागं?”

“ओढून आणली. गाईला कायबी झालं न्हाय.”

आतून कण्हल्याचा आवाज आला. मावशीनं दाराकडे पाहिलं.

“बोलत्यात का?”

“सकाळी बोलले. गाय बांधली का, येवढंच इचारलं.”

“मग?”

“व्हय म्हणलं. बांधली न्हाय, मावशी. मोकळीच हाय. तरी त्याच जळक्या खुंट्यापाशी उभी हाय.”