झरोक्यापुढची बरणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कार्यशाळेतले सर्वांत ज्येष्ठ शिल्पकार, व्यासपीठावर बसलेल्या कलादालनाच्या संचालिका, आमचे चित्रकार मित्र, पहिल्या रांगेतल्या वहिनी आणि त्यांची लेक, जमलेले सगळे रसिक, आणि हा सगळा घाट ज्यांच्यासाठी घातलाय ते, मघापासून खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेले, आमचे भट्टीदादा,

दादा, नीट मागे सरकून बसा. आज तुम्हाला उठून काही बघायला जायचं नाहीये.

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिलाय: कलावंत आणि त्याची प्रेरणा. निरोप भट्टी लावणाऱ्या माणसाचा आणि विषय मात्र आमचा! आमच्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं. असो.

प्रेरणा म्हणजे नेमकं काय हो? आमच्या चित्रकारांना विचारलं तर म्हणतील, शांतता. हा गृहस्थ सकाळी आल्याआल्या रेडिओ लावतो, तो घरी जाताना बंद करतो. अध्यक्षमहाराज निदान खरं बोलतात. त्यांना एकदा कुणीतरी विचारलं, या घोड्याला तीनच पाय का? म्हणाले, दगड तेवढाच होता. हसू नका, त्या घोड्याला बक्षीस मिळालंय.

आणि मी? माझे लाल वाडगे तुमच्यापैकी काही जणांच्या घरी आहेत. तो लाल रंग लहानपणी आजोळच्या गच्चीवरून पाहिलेल्या सूर्यास्तातून आला, असं मी एकोणीस वर्षं मुलाखतींत सांगत आले. संचालिकाबाईंनी ते माहितीपत्रकातही छापलं. बाई, माझ्या आजोळच्या घराला गच्चीच नव्हती.

लाल रंग कुठून आला ते आज सांगते. ज्यांनी दादांचं काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं आधीपासून. भट्टीच्या दाराला एक लहानसा झरोका असतो. त्याच्या बरोबर मागे, आत, मातीचे तीन सुळके उभे करतात. ठरलेल्या उष्णतेला एकेक सुळका वाकतो. दादा झरोक्यातून ते बघतात आणि धुराड्याची झडप कधी लावायची ते ठरवतात. म्हणून आमच्याकडे एक नियम अगदी कडक आहे: झरोक्यापुढे काहीही ठेवायचं नाही.

माझं पहिलं मोठं प्रदर्शन दहा दिवसांवर आलं होतं. हिरवे व्हायचे चाळीस वाडगे भट्टीत लागले होते, आणि एक बरणी उरली होती. जागा नव्हती. दादा म्हणाले, ‘‘ताई, बरणी पुढच्या खेपेला.’’ मी म्हटलं, ‘‘बरं. तुम्ही चहा घेऊन या, दार मी लावते.’’ एवढं प्रेम मी दादांना एरवी कधी दाखवलं नव्हतं. तिथेच त्यांना संशय यायला हवा होता. त्यांची पाठ वळल्यावर मी बरणी आत कोंबली, बरोबर झरोका आणि सुळक्यांच्या मधे.

दुपारी दादांनी झरोक्यातून पाहिलं तर समोर बरणीचं पोट. तापलेली भट्टी उघडता येत नाही, सगळंच तडकलं असतं. त्यांनी ज्वाळेच्या रंगावरून अंदाज बांधला आणि झडप लावली, लवकर. आत हवा कमी पडली, आणि वाडग्यांवरच्या लेपातल्या तांब्याचा जो हिरवा रंग व्हायचा तो झाला लाल.

भट्टी निवल्यावर सकाळी सगळ्यांच्या देखत उघडली. चाळीस लाल वाडगे. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मी म्हटलं, ‘‘दादा, डोळे घरी ठेवून आलात का?’’

बरणी समोरच होती. त्यांनी ती पाहिली. त्यांनी पाहिली हे मी पाहिलं. दादा एवढंच म्हणाले, ‘‘चुकलं, ताई.’’ आणि मी ते चुकणं त्यांच्या पदरात राहू दिलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. संचालिकाबाई हिरवं बघायला आल्या आणि लालपुढे थांबल्या. प्रदर्शन गाजलं. मी दादांना म्हटलं, ‘‘त्या दिवशीसारखीच भट्टी लावत जा.’’ का, ते सांगितलं नाही. आभार तर दूरच.

गेल्या महिन्यात दादांनी आपल्या वह्या नव्या भट्टीवाल्या मुलीच्या हवाली केल्या. ती गोंधळून माझ्याकडे आली. त्या दिवसाच्या पानावर लिहिलंय: ‘झडप लवकर लावली. ताईंचे चाळीस वाडगे बिघडले. चूक माझी.’ आणि त्यानंतर माझ्या प्रत्येक भट्टीला एकच ओळ: ‘ताईंची भांडी. मागची चूक तशीच करणे.’ एकोणीस वर्षं, दादा! बरणीचा कुठे एका अक्षरानेही उल्लेख नाही. जी वही कुणी वाचणार नव्हतं, तिच्यातसुद्धा नाही. मला लाज वाटली. फार लाज वाटली.

काय म्हणताय? ‘‘राहू द्या ताई’’? नाही दादा, एकोणीस वर्षं राहूच दिलं.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि इतकी वर्षं काजळलेले सदरे धुणाऱ्या वहिनींचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने ते पोटात घालावं. त्या सकाळी मी जे बोलले त्याची माफी मात्र सभागृहाच्या हातात नाही, ती एकाच माणसाच्या हातात आहे. ती वही मी आणली आहे. ‘चूक माझी’च्या खाली आज मी लिहिलंय, ‘झरोक्यापुढे बरणी मी ठेवली होती,’ आणि सही केली आहे.

दादा, वाचून घ्या. वहिनी, त्यांचा चष्मा द्या.