काकूंच्या फाटकासमोरची गाडी

यार, शेजाऱ्यांशी पटवून घ्या म्हणणाऱ्यांले मी एकच सांगतो, थोडं भांडणही ठेवा, कामी येते.

मी तिकडे दोह्यात नोकरीले होतो आणि पासपोर्ट तिथूनच नवा करायले टाकला. पत्ता नागपूरचा, म्हणून चौकशीले हवालदार घरी आले. बाबांनी लगेच मले व्हिडिओ कॉल लावला. हवालदार म्हणाले, "पोरगा इथलाच आहे, असं शेजाऱ्यानं लिहून द्यावं लागंल."

आता शेजारी एकच घर, वानखेडे काकूंचं. आणि माझी जुनी गाडी मी गेलो तेव्हापासून त्यांच्याच फाटकासमोर उभी. त्यापायी काकूंचं बाबांशी बोलणं बंद. म्हटलं, गेला पासपोर्ट!

काकू हातात झाडू घेऊनच बाहेर आल्या.

"या पोराले ओळखता का?" हवालदारांनी मोबाईल दाखवला.

"ओळखता का म्हणजे? ही गाडी कोणाची हाय, विचारा त्याले! जाताना म्हणे, काकू, दोन दिवसांत हलवतो. माह्या फाटकातून साधी स्कूटर निघत नाही!"

"म्हणजे इथलाच आहे?"

"इथलाच नाही तं काय! दोह्याले गेला तरी माह्या डोक्यावरच बसला हाय!"

"हे लिहून द्याल?"

"आणा इकडे!"

काकूंनी उभ्या उभ्या पानभर लिहिलं आणि खाली सही ठोकली.

पासपोर्ट आला. सुट्टीत घरी आल्याबरोबर मी गाडी हलवायले किल्ली घेतली, तं बाबांनी हातातून हिसकावली.

"काहून हलवून राहिला गा? दहा वर्षांनी पुन्हा हवालदार येईन ना!"