यजमानाचं नाव

...हसू नका हो! तुमच्या घरात पाट मोकळे हायत म्हणून हसून राहिलाव तुम्ही! तुम्हाला सांगतो, आमच्या लातुरात डाळीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, कॅनडाचे आले, म्यानमारचे आले, टांझानियाचे आले, आन् डाळमिलवाल्यांच्या कमिटीनं रंगारंग कार्यक्रम टाकला कुणाच्या गळ्यात? ह्या महांतेशच्या! लेझर काय, दोरीला लटकून नाचणाऱ्या पोरी काय, धुराची मशीन काय... आन् 'लोककला बी पाहिजे' म्हणून माहूरकडचे दगडोबा गोंधळी. त्यांना चार मिनिटं.

दगडोबा म्हणले, "मालक, चार मिनिटांत देवांची नावं बी सरत न्हाईत. गोंधळ म्हंजे आधी समद्यांना नाव घेऊन बोलवायचं, मग कथा, मग आरती करून पाठवायचं."

"तुम्ही बोलवा हो," म्हणलो मी, "पाठवायचं बघू!" बघू! माझ्याच तोंडानं!

तेवढ्यात इव्हेंटवाली मंजुश्री, कानात वायर, "सर सर सर, टाइम!" आन् दगडोबा संबळ बांधून जागचे हालंनात. "यजमान कोण? कुणाच्या घरचं बोलावणं सांगू?" आता परिषद म्हंजे काय घर हाय? घाईत म्हणलो, "लावा माझंच नाव!"

लावलं की! दिवटी पेटली, संबळ कडाडला, माहूरच्या रेणुकेला हाक, तुळजापूरच्या भवानीला हाक, लातूरच्या महांतेशच्या घरी या म्हणून... अंगावर काटा आला माझ्या. आन् ऐन रंगात फुस्स! धूर! लेझर! वरनं पोरी लटकल्या! दगडोबा हात जोडून "आरती राहिली, आरती राहिली" म्हणून राहिले, आन् माइक बंद! कॅनडावाले उभं राहून टाळ्या वाजवून राहिले.

ते पाहुणे गेले विमानानं. आन् ह्या बोलावलेल्या देवी? बोलावलंय... आता पाठवायचं कुणी?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आतल्या खोलीत पैंजण वाजलं. बायको म्हणली, "सुकन्या, हळू चाल गं." लेक अंगणातून म्हणली, "आई, मी हितं हाय!" मी म्हणलो, उंदीर असंल. उंदीर पैंजण घालतो का हो? मग झोपाळा. वारा न्हाई, माणूस न्हाई, आन् हालून राहिला! मी ओरडलो, "थांब!" तर थांबला. तुम्हाला सांगतो, हालला त्याचं न्हाई, थांबला त्याचं भ्या वाटलं!

रत्नम्मा, म्हंजे आमची बायको, तिनं त्याच दिवशी देवींसाठी पाट मांडून पान वाढलं आन् बजावलं, "देवींना निरोप दिल्याबिगर ह्या दारात लग्नाचा मांडव घालायचा न्हाई." सुकन्याचं लग्न ठरलेलं! उदगीरचे व्याही फोनवर फोन, "मांडव कधी?" काय सांगू, घरात पाहुण्या हायत? पोर रडून राहिली, मी तोंड लपवून राहिलो. बोलावलंय... पाठवायचं कुणी?

दगडोबांना फोन लावला. म्हणले, "ज्यानं बोलावलं त्यानंच पाठवावं लागतंय मालक. येतो की, दुबईहून आल्यावर."

दुबई! मंजुश्रीला तो आयटम लई आवडला म्हणं! मसाल्याची परिषद झाली, सिमेंटची झाली, आता साखरेची. सगळीकडं तीच चार मिनिटं, आरतीला माइक बंद. म्हणलो, "दगडोबा... तिथं यजमान कोण?"

म्हणले, "तुम्हीच की मालक. तुमचं नाव घेतलं की लाइट सुटतात असं लायटिंग बसवलंय, म्हणून नाव बदलू देत न्हाईत."

आतून रत्नम्मा हाका मारून राहिली, आज पाट कमी पडले म्हणून. तर... तुमच्याकडं हायत का हो दोन-चार?