वॅगनवरच्या ट्रकमधला ड्रायव्हर

पार्ल्यात रेल्वे मॉडेल्सच्या स्पर्धेच्या रांगेत माझ्यापुढे निधी आणि तिचे ट्रकचालक वडील उभे होते. तिच्या मॉडेलमध्ये कोकण रेल्वेच्या सपाट वॅगनवर ट्रक चढवलेले होते.

"ड्रायव्हर झोपलेला कशाला दाखवलास गं? आणि लुंगीवर? स्टिअरिंग धरून बसव ना त्याला."

"पप्पा, ट्रकला रेल्वे नेतेय. स्टिअरिंग धरून तो काय करणार?"

"लोक हसतील."

"हसू देत. परीक्षक खरं-खोटं बघणार. कोलाडपासून पार गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत तुम्ही झोपायचात की नाही?"

"झोपायचो काय, घोरायचो."

"मग तसंच राहणार."

रांगेत त्यांच्या पुढचा माणूस मागे वळून मॉडेलवर वाकला.

"हा कोण हो, खिडकीतून पाय काढून?"

"मी! माझ्या मुलीनं बनवलाय. फक्त पोट तेव्हा एवढं नव्हतं."