साखराबाईंच्या हसण्याला मी दिलेलं नाव

सन्माननीय अध्यक्ष तहसीलदारसाहेब, व्यासपीठावर विराजमान सुंदरराव देशमुख आणि वकील राधाकिशनजी, आमच्या शाळेचे प्रमुख सदर मुदर्रिस, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसलेल्या माता-भगिनी आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

उद्या मी मोमिनाबाद सोडून गुलबर्ग्याच्या शाळेत रुजू व्हायला निघतो आहे. आपण हार घातलात. वकीलसाहेबांनी माझ्या इंग्रजीची इतकी तारीफ केली, की हे गृहस्थ कोण म्हणून मीच इकडेतिकडे पाहू लागलो. पण हा हार मानेला टोचतो आहे. का, ते सांगितल्याशिवाय मला खाली बसवणार नाही.

माझी शिकवण्याची तऱ्हा आपणांस ठाऊक आहे. नवा इंग्रजी शब्द आला की तो मी गावातल्या कुणाला तरी चिकटवतो, म्हणजे पोरं विसरत नाहीत. 'स्लो' म्हणजे शहादेवचा बैल. 'प्राउड' म्हणजे कोण, ते या सभेत न सांगणंच बरं. हसू नका वकीलसाहेब, आपल्यालाही एक शब्द आहे.

गेल्या महिन्यात धड्यात 'कॅकल' आला. चिरक्या, कर्कश आवाजातलं हसणं. कोश उघडून मी सांगितलं, की हा शब्द कोंबडीच्या आवाजाची नक्कल करून बनला आहे. डच लोकांच्या भाषेतही त्याचा भाऊबंद आहे. पोरांचे चेहरे कोरेच. तेवढ्यात ओसरीवर शाळेच्या रांजणात पाणी ओतून आपल्या पाणी भरणाऱ्या साखराबाई हसल्या. त्यांचं हसणं आपण सर्वांनी ऐकलं आहे, ते वेशीपर्यंत जातं. मी खिडकीकडे बोट दाखवून म्हणालो, "हे ऐका. हाच कॅकल!"

वर्ग खदखदून हसला. आणि मला, सभ्य गृहस्थहो, स्वतःचं फार कौतुक वाटलं.

संध्याकाळपर्यंत शब्द शाळेबाहेर पडला. पाणवठ्यावर, बाजारात पोरं साखराबाईंच्या मागे ओरडू लागली. कुणीतरी त्यांना अर्थही समजावला. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या सत्यभामेचं लग्न होतं. मुलीच्या आईनं विहिणीला गाण्यातून चिडवायचं आणि दोन्हीकडच्या बायकांनी पोट धरून हसायचं, ही आपल्याकडची रीत. साखराबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. वरमाई विचारीत होत्या, "इहीणबाई, रुसलाव का वं आमच्यावर?" मांडवामागून एका पोरानं तो शब्द फेकला. पदर आणखी घट्ट झाला. मी पंक्तीत बसलो होतो. मी मठ्ठा मागितला. आता त्या शाळा भरायच्या आत पाणी भरून निघून जातात.

नंतर मी कोश पुन्हा पाहिला. अंडं दिल्यावर कोंबडी ओरडते, तो या शब्दाचा पहिला अर्थ. वर्गात मी तो गाळला होता, कारण दुसरा गमतीचा होता. भरली घागर डोईवरून आणून रिती केली की या बाई हसत. काम फत्ते झाल्याचं हसणं ते. एवढं कळायला मला पुस्तक कशाला लागावं?

साखराबाई, आपण पडद्याच्या कडेला उभ्या आहात, असं पडद्याआडून जानकीबाईंनी आत्ताच सांगितलं. या भरल्या सभेत मी आपल्याला हात जोडतो. मुलांनो, तो शब्द आजपासून कोंबडीला परत द्या. बाई, आपण पुन्हा पहिल्यासारखं हसावं, एवढीच माझी…

काय म्हणालात? मोठ्यानं बोला, अध्यक्षसाहेबांची हरकत नाही.

"गुर्जी, तुमाला माफ केलं म्या. पर आता हसू आलं की आदी माझाच कान लागतोय, लोकान्ला कसं ऐकू जात आसंल म्हून. मंग ते आतच जिरतंय. त्याला म्या काय करू?"

ऐकलंत आपण.

अध्यक्षमहाराज, या गावानं मला जीव लावला, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. आजच्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर उदार मनानं विसरून जावं. वर्गातल्या माझ्या त्या एका वाक्याला बाईंनी माफी दिली, पण ते त्यांच्या कानातून निघालं नाही. ते तिथंच सोडून मी उद्या निघतो आहे.