कोलंबोचा मुक्काम

रांग नाहीये हो ताई, पण एवढा एक फोन येऊ द्या ना — मग तुम्ही तासभर बोला, मी काही म्हणणार नाही. निवृत्तीभाऊंना विचारा हवं तर, त्यांचाच बूथ आहे, साडेअकरा ते बारा लाइन मोकळी ठेवतो म्हणालेत — आणि स्वतः गेलेत चहाला, म्हणजे लोकांशी भांडायचं काम माझ्याकडे. बसा ना. हे स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेकवून घ्या. मुलीला इथे माझ्या तेजलशेजारी बसू द्या, ती काही करत नाही, मीटरवरचे लाल आकडे बघत बसते. घरी फोन? अर्ज केलाय, तीन वर्षं झाली. द्वारका चौकाच्या अलीकडची सगळी आळी याच नंबरवर फोन घेते.

आमचे हे बोटीवर असतात — नाही, नेव्ही नाही, मालाची बोट, इंजिनात फिटर आहेत. सातपूरच्या आयटीआयत शिकलेला माणूस, गोदावरीत कधी गुडघ्याच्या वर उतरला नाही, आणि गेला समुद्रावर. आज बोट कोलंबोला लागलीय. एकच दिवस मुक्काम. माल उतरवायचा, पाणी भरायचं, की संध्याकाळी निघाली. तेवढ्यात ह्यांनी केस कापायचे, साबण घ्यायचा आणि खलाशांच्या क्लबात फोनसाठी रांगेत उभं राहायचं. माझा संसार असा बंदराबंदरावर मांडलाय — सिंगापूरला सात मिनिटं, डर्बनला अकरा. कोलंबोच्या पुढे ब्राझील, मध्ये महिनाभर नुसतं पाणी.

आणि आजच ठरवायचंय. वर्षाचा करार संपला. कोलंबोला उतरून घरी यायचं, नाहीतर पुढच्या नऊ महिन्यांची सही करायची. पत्रात लिहिलंय — घरी सगळं ठीक असेल तर सही करतो, तू म्हणशील तसं. म्हणजे बघा, मी म्हणेन तसं. मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलंय मी — हसू नका — आणि सकाळी भाजी कोणती करायची ते सासूबाईंना विचारते.

काय म्हणालात? तेजल? नाही, लाजत नाहीये. शिष्टही नाही. तिला ऐकू येत नाही. सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही आपल्या हाका मारत राहाल. दोन्ही कानांनी, हो. गंगापूर रोडला डॉक्टर आहेत, त्यांनी डोक्याला तारा लावून तपासलं, दोन महिने झाले. सासूबाई नाही मानत. म्हणतात, ‘तिचा बाप चार वर्सं मुका व्हता, आता लय बोलतो, गप कर म्हणावं लागतं.’ वणीच्या देवीला नवस बोलून आल्यात. मी काय केलं — तपासायच्या आधी, स्वयंपाकघरात, तिच्या पाठीमागे ताट आपटलं. तर वळली हो. इतकी खूश झाले मी. मग लक्षात आलं, खिडकी माझ्या मागे होती, माझी सावली तिच्या पुढ्यात पडत होती. मग सावली चुकवून आपटलं. शेजारच्या तिघीजणी धावत आल्या बघायला, काय पडलं म्हणून. ही पोळीचा तुकडा चघळत बसलेली.

ह्यांना? ह्यांना माहीत नाही. गेल्या महिन्यात डर्बनहून फोन आला तेव्हा सांगणार होते. तर ह्यांचं पहिलंच वाक्य, ‘बाबा म्हणते का गं?’ — मागे रांगेतले ओरडत होते, आटप म्हणून — आणि मी हो म्हटलं. म्हणाले, दे तिला. तर मी रिसिव्हर जरा लांब धरला आणि बारीक आवाजात म्हटलं, बाबा. मीच. मग तिकडे कुणाला तरी सांगताना ऐकू आले, मेरी बच्ची बोली, मेरी बच्ची. आता म्हटल्यावर पुढे न्यायला हवं ना — काऊ म्हणते, चांदोबा म्हणते, तुमच्या फोटोला टाटा करते — पत्रात माझी लेक फार बोलकी आहे ताई, दर पत्राला तिला नवा शब्द शोधावा लागतो.

आज सांगणार आहे. पाठ करून आलेय. ‘अहो, तेजलला ऐकू येत नाही, तुम्ही या.’ एवढंच. पण मग ते येतील ना. आले की डॉक्टरांकडे जाणार, आणि डॉक्टर पुन्हा तेच विचारणार — गरोदरपणात सुरुवातीला ताप, पुरळ काही? त्यानं पोटातल्या बाळाचे कान जातात म्हणे. मी नाही म्हटलंय. आलं होतं. तिसरा महिना होता, मोहिनीचं, माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं, हे नको म्हणाले, तिकडे गोवराची साथ आहे. मी गेले. तेव्हा हे इथेच कारखान्यात होते, ह्यांच्या ड्यूटीच्या वेळात गेले आणि संध्याकाळच्या आत परत. पंधरा दिवसांनी अंगावर उठलं, तीन दिवसांत गेलं. उन्हाचं आहे म्हटलं, पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घातले. कुणालाही नाही सांगितलं. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे, तुमचं नावसुद्धा माहीत नाही म्हणून असेल.

तुमची ही — मीना म्हणालात ना — अडीच वर्षांची असेल? किती स्पष्ट बोलते, मघाशी बिस्किट मागितलं ते. तिला एकदा — नाही, ऐका तर. नुसतं बाबा म्हणायचं. म्हणजे तशी वेळ येणारच नाही, मी सांगणारच आहे, पण आधीच ते ‘दे तिला’ म्हणाले तर —

वाजला. बघा, तुमची दचकली. माझी बघा.

हॅलो — हो, येतंय ऐकू. बरे आहात ना? आवाज बसलाय तुमचा — हो, आई बऱ्या आहेत. अहो, मी काय म्हणत होते, तेजलला — काय? बाहुली घेतली? पोट दाबलं की गाणं म्हणते? — आवडेल ना. का नाही आवडणार — थांबा, देते. मीना, ये बाळा, इकडे ये. म्हण, बाबा. अजून एकदा — ऐकलंत? हो, मोठी झाली — आवाज वेगळा? सर्दी झालीय तिला. नाही हो, बाकी सगळं ठीक आहे. करा सही. नऊ महिने काय, जातील. अहो —

कट झाला.

असं बघू नका ताई माझ्याकडे. लाइन मोकळी आहे आता. करा तुमचा फोन.